कशासाठी हवा आहे दाखला?

भाचीच्या नॉन-क्रिमिलेयरच्या, म्हणजे घरचे उत्पन्न मर्यादेत असल्याच्या दाखल्याच्या कामासाठी जूनमध्ये मी तहसील कचेरीजवळच्या एका सेतू केंद्रात रांगेत उभी होते. बाहेर पावसाची नुसती भुरभुर होती आणि आत झेरॉक्सच्या यंत्राची ऊब, ओल्या छत्र्यांचा कुबट वास आणि लॅमिनेशनच्या तापलेल्या प्लॅस्टिकचा दर्प असे सगळे एकत्र साचून राहिले होते. माझ्यापुढे एक गृहस्थ आणि त्यांचा शाळेच्या गणवेशातला मुलगा होता. त्यांची पाळी आली तेव्हा संगणकावर बसलेल्या तरुणाने पडद्यावरची नजर न काढता विचारले, “जातीचा दाखला आणि डोमिसाइल. कशासाठी हवेत?” अर्जात तसा रकानाच असतो. मुलगा म्हणाला, “मेडिकलसाठी.” “बारावी झाली का?” “नाही, दहावीला आहे.” त्यावर तो तरुण हसून म्हणाला, “अरे, आधी मिशी तर फुटू दे,” आणि रांगेतल्या एका आजोबांनी “डॉक्टरसाहेब, आमचं बीपी तेवढं बघा की,” म्हणत मनगट पुढे केले. सगळी रांग हसली. मुलगा कानांपर्यंत लाल झाला. वडील मात्र हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. कागदांची गड्डी काउंटरवर ठेवत ते एवढेच म्हणाले, “थोरलीच्या वेळी आम्हाला कुणी हे सांगितलं असतं, तर आम्हीपण असेच हसलो असतो.”

बाहेरच्या टपरीवर चहा घेताना थोरलीची हकिगत कळली. मुलगी हुशार होती आणि राखीव प्रवर्गातून सरकारी जागा मिळावी इतके गुण तिला नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत पडले होते. जात पडताळणीचा अर्ज मात्र त्यांनी निकाल लागल्यानंतर केला, कारण आधी गुण तर पडू देत, मग कागदांचे बघू, असा सरळ हिशेब होता. पडताळणी समितीने त्रुटी काढली. आजोबांच्या शाळेतल्या नोंदीत आडनाव वेगळे होते. ती त्रुटी पुरी होईपर्यंत प्रवेशाचे राउंड पुढे सरकले. प्रमाणपत्र सादर करायला सरकार कधी मुदत वाढवून देते, कधी देत नाही, आणि मुलगी अखेर खुल्या प्रवर्गात धरली गेली. आता ती बीएएमएसला, म्हणजे आयुर्वेदाला आहे. “तिचं चांगलं चाललंय,” असे ते गृहस्थ बोलता बोलता पुन्हा पुन्हा सांगत राहिले. तिची व्हॅलिडिटी, म्हणजे पडताळणीचे प्रमाणपत्र, पुढे यथावकाश आली आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात एकाची व्हॅलिडिटी असली की पुढच्याचे काम सोपे होते, एवढा फायदा धाकट्याच्या पदरात पडणार होता. तरीही अकरावीचा प्रवेश झाला की त्याच आठवड्यात कॉलेजमार्फत अर्ज टाकायचा आणि त्याची सगळी जुळवाजुळव दहावीच्या जूनमध्येच सुरू करायची, असे त्यांनी ठरवून टाकले होते.

रांगेतले ते हसणे मला नंतर बरेच दिवस टोचत राहिले.

कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, त्यामुळे डॉक्टर होण्याच्या तयारीची घाई मी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली आहे. आठवीतल्या मुलाला फाउंडेशन बॅचला घातले म्हणून कोणी हसत नाही. उलट सोसायटीतल्या चार घरांना आपण मागे पडलो असे वाटू लागते. क्लासच्या फ्लेक्सवर हात बांधून उभी असलेली मुले आणि त्यांच्या डोक्यावर मोठ्या आकड्यांत छापलेले गुण पाहून पालक दुचाकी थांबवतात. पैसे भरून केलेले नियोजन लोकांना शहाणपणाचे वाटते आणि कागद गोळा करण्याचे नियोजन हास्यास्पद वाटते. पहिल्यात निदान विकत घेण्याजोगे काही दिसते; दुसऱ्यात नुसते उन्हातान्हात हिंडणे असते. ज्यांच्या घरात आधी कोणी डॉक्टर, प्राध्यापक किंवा निदान मंत्रालयात ओळख असलेला मामा आहे, त्यांना या हिंडण्याची गरज कमी पडते. ज्यांच्या घरात असे कोणी नाही, त्यांचे मूल अभ्यासात कितीही पुढे असले तरी कागदात मागे राहते. हे मी स्टाफरूमच्या खिडकीतून दर वर्षी पाहत आले आहे.

आमच्या घरातला शोध मी स्वतः केला आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. या तारखा आमच्याकडे गणपतीच्या तिथीसारख्या पाठ असणारी माणसे आहेत. भावाच्या मुलीसाठी आजोबांचा निर्गम उतारा, म्हणजे शाळा सोडल्याची नोंद, काढायला आम्ही गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाटातून जनरल रजिस्टर काढले. त्याचा पुठ्ठा खाकी कापडाने बांधलेला होता, पानांच्या कडा कसरीने कुरतडलेल्या होत्या आणि निळी शाई जागोजागी तपकिरी पडली होती. पान उलटताना सरांनी खाली कोरा कागद सरकवला, म्हणजे जुन्या पानावर भार येऊ नये. आजोबांची जन्मतारीख १ जून लिहिलेली होती. त्यांच्या वरच्या मुलाचीही १ जून आणि खालच्याचीही १ जूनच, कारण पोराला शाळेत ओढून आणणाऱ्या गुरुजींना तीच तारीख सोयीची होती. जातीच्या रकान्यात मात्र गुरुजींनी घाई केली नव्हती. वळणदार अक्षरात नीट, पोटजातीसकट लिहिले होते. आजोबा चौथीतून शाळा सोडून गेले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यात एकच शब्द होता, ‘शेतीकाम’. त्या एका ओळीच्या आधाराने त्यांची पणती वैद्यकीय प्रवेशाच्या रांगेत उभी राहणार, याचा आनंद मानावा की आपण अजूनही त्याच रकान्यात उभे आहोत याचे वाईट वाटून घ्यावे, हे मला तेव्हा ठरवता आले नाही आणि आजही येत नाही. ज्यांना शाळेची नोंद मिळत नाही ते गाव नमुना १४ आणि कोतवाल बुकांकडे वळतात, तिथे मजकूर मोडीत असतो, आणि मग मोडी वाचणारा शोधावा लागतो. पंधरा वर्षांच्या मुलीच्या डॉक्टरकीची सुरुवात अशी मोडी लिपीपाशी होते.

सगळेच कागद लवकर काढून चालत नाही, ही यातली आणखी एक गोम. जातीचा दाखला आयुष्यभराचा असतो, म्हणून तो जितका आधी निघेल तितका बरा. नॉन-क्रिमिलेयरला मुदत असते आणि आर्थिक दुर्बल घटकाचा दाखला तर त्या त्या वर्षाचाच लागतो. तो उत्साहाने दहावीत काढून ठेवला तर बारावीत त्याचा उपयोग शून्य. नावाचे तसे नाही. दहावीच्या बोर्डाच्या फॉर्मवर जे नाव गेले ते पुढे गुणपत्रिकेवर, नीटच्या अर्जावर आणि प्रवेशाच्या वेळी मूळ कागदांच्या तपासणीत त्या मुलाच्या मानेवर बसते. आधारवर वडिलांचे नाव पूर्ण आणि शाळेत नुसते आद्याक्षर, आईचे नाव एकीकडे ‘सुनीता’ आणि दुसरीकडे ‘सुनिता’, असल्या बाबी दहावीच्या फॉर्मआधी शाळेतल्या शाळेत सुधारता येतात. नंतर प्रतिज्ञापत्र आले, राजपत्र आले, चपला झिजणे आले. मेडिकलला प्रवेश घेण्याच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलाला १७ वर्षे पूर्ण व्हावी लागतात, आणि मूल हुशार म्हणून त्याला पहिलीत एक वर्ष आधी बसवणाऱ्या आईवडिलांना ही अट कधी कधी बारावीतच समजते.

राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली असावी लागते, काही अपवाद सोडून. म्हणून क्लाससाठी राजस्थानातल्या कोटाला जाणारी आमच्याकडची मुले नाव इथल्या एखाद्या कॉलेजात ठेवून जातात. एके काळी याहून बारीक हिशेब होता. आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, म्हणजे उर्वरित महाराष्ट्रात, आणि दोन-अडीच तासांवरचे लातूर मराठवाड्यात. ७० टक्के जागा त्या त्या विभागाच्या असल्यामुळे बारावी सीमेच्या कोणत्या बाजूला करावी यावर घराघरात खल चाले. २०२० मध्ये ७०:३० चे ते सूत्र रद्द झाले. ते गृहीत धरून दोन वर्षे आधीच लातुरात खोली करून राहिलेल्या एका आईने मला फोनवर विचारले होते, “मग आता आम्ही इथं कशासाठी राहिलो?” ती पोळ्या लाटता लाटता बोलत होती, कारण लाटण्याचा आवाज येत होता. मुलीला मेसचे जेवण सोसत नाही म्हणून ती नवऱ्याला आणि म्हाताऱ्या सासूला गावी ठेवून गॅस, कुकर आणि दोन गाद्या घेऊन तिथे गेली होती. अशा आयांची लातुरात एक वसाहतच आहे. संध्याकाळी अभ्यासिकांच्या बाहेर डबे घेऊन त्या उभ्या असतात आणि एकमेकींना मुलांच्या टेस्टचे गुण सांगतात. स्वतःचे नाव त्या क्वचितच सांगतात.

विषय निवडण्याची गोष्ट याहून गंभीर आहे, आणि तिच्यावर घरात सर्वांत कमी बोलले जाते. अकरावीत गणित सोडून नुसते पीसीबी (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र) घेतले की पंधराव्या वर्षी एक दार बंद होते. गणित ठेवले तर भौतिकशास्त्राला मदत होते, पण वेळ जातो, आणि नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे असल्यामुळे क्लासवाले गणित सोडायलाच सांगतात. सोडलेल्या गणिताची आठवण मग नीट पुन्हा देणाऱ्यांच्या रिपीटर बॅचच्या दुसऱ्या वर्षी होते.

जीवशास्त्राची शिक्षिका म्हणून मला आनंद व्हायला हवा, कारण माझ्या विषयाला असा भाव कधी नव्हता. प्रत्यक्षात माझा वर्ग रिकामा असतो. इंटिग्रेटेडची, म्हणजे कॉलेज आणि क्लास एकत्र केलेली मुले हजेरीपटावर आमची आणि देहाने क्लासची. ती फेब्रुवारीत प्रात्यक्षिक परीक्षेला येतात तेव्हा प्रयोगशाळेचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो हेही त्यांना ठाऊक नसते. गेल्या परीक्षेत एका मुलीला कांद्याच्या मुळाच्या टोकाची स्लाइड दिली. पेशीविभाजनाच्या सगळ्या अवस्था, त्यांतल्या प्रत्येक टप्प्यावर गुणसूत्रे काय करतात हे तिने एका दमात म्हणून दाखवले. एनसीईआरटीच्या पुस्तकातली आकृतीखालची ओळसुद्धा जशीच्या तशी. मग मी म्हटले, “आता यात दाखव.” तिने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला, बराच वेळ लावून धरला आणि हळूच म्हणाली, “मॅडम, मला माझ्या पापण्याच दिसताहेत.” मी फोकसचा स्क्रू फिरवून दिला. अॅसिटोकार्मिनने रंगलेले लालसर धागे दिसू लागले तशी ती “अय्या, हे खरंच असं असतं?” म्हणाली, आणि तिच्या मागे उभ्या असलेल्या मुलांनी स्लाइड बघायला गर्दी केली. ते पाच मिनिटे आमच्या प्रयोगशाळेचे वर्षभरातले सगळ्यात चांगले पाच मिनिटे होते. त्यांचा नीटला काही उपयोग नाही, हे तिला आणि मला दोघींनाही माहीत होते.

माझी बारावी १९९१ ची. तेव्हा बारावीच्या पीसीबीच्या गुणांवरच प्रवेश होत आणि नियोजन म्हणावे असे काही नव्हते. अर्ज कुठे मिळतात तेही आम्हाला वर्तमानपत्रातून कळे. आता बारावीला पीसीबीत खुल्या प्रवर्गासाठी ५० टक्के आणि राखीवसाठी ४० टक्के एवढाच उंबरठा उरला आहे. मला गुण कमी पडले, मी बीएस्सीला गेले. आमच्या वर्गात बेडकाचे विच्छेदन असे. मेणाचा ट्रे, टाचण्या, फॉर्मॅलिनने झोंबणारे डोळे. त्या ट्रेपुढे निम्मा वर्ग पुढे सरकत असे आणि निम्मा भिंतीला टेकत असे, आणि आपण कोणत्या निम्म्यात आहोत हे ज्याचे त्याला कळून जाई. विच्छेदन बंद झाले ते योग्यच झाले, बेडकांच्या बाजूने माझे काही म्हणणे नाही. फक्त स्वतःला अजमावून पाहण्याची ती एक ओबडधोबड जागा होती आणि तिच्याऐवजी आम्ही दुसरे काही ठेवले नाही.

माझा मावसभाऊ इंग्लंडमध्ये लेस्टरला असतो आणि त्याचा मुलगा गेल्या वर्षी मेडिसिनच्या अर्जाच्या खटाटोपात होता. तिकडेही नियोजन लवकरच सुरू होते: सोळाव्या वर्षी ए-लेव्हलला रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र, उन्हाळ्यात युकॅट ही तिकडची प्रवेश परीक्षा, मग १५ ऑक्टोबरच्या आत अर्ज, त्यात मेडिसिनची जास्तीत जास्त चार विद्यापीठे. पण तिथे मुलाला विचारतात की तुला डॉक्टर का व्हायचे आहे, आणि केवळ विचारून थांबत नाहीत, तू कुठे काम करून पाहिलेस तेही विचारतात. म्हणून तो पोरगा शनिवारी एका वृद्धाश्रमात जाई. तिथल्या एका स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना तो चमच्याने सूप भरवत असे आणि ते बहुतेक वेळा त्याच्या अंगावर थुंकत. एकदा व्हिडिओ कॉलवर त्याने मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगितले, “आत्या, ते थुंकले की मला राग येतो. मग मला भीती वाटते की मला राग येतो.” आमच्याकडच्या प्रवेशप्रक्रियेत असे वाक्य सुचण्याची वेळ मुलावर कुठेच येत नाही. आमचा अर्ज पणजोबांचे नाव विचारतो, आजोबांची शाळा विचारतो, वडिलांचे उत्पन्न विचारतो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा फोटो आणि बोटांचे ठसे मागतो. मुलाला काय वाटते, याला त्यात जागा नाही.

तरीही आपल्याकडे मुलाखती सुरू कराव्यात असे मी म्हणणार नाही. तशी सोय झाली तर दुसऱ्याच दिवशी ‘का व्हायचे आहे’ याचे क्लास निघतील, सेवाभावाची प्रमाणपत्रे सेतू केंद्राशेजारी लॅमिनेट करून मिळतील आणि इंग्रजीत अदबीने बोलणारी मुले पुढे जातील. ओएमआरच्या, म्हणजे उत्तरांचे गोल काळे करायच्या कागदाला मुलाची बोली ऐकू येत नाही. उसाच्या फडातून आलेल्या मुलीचे काळे गोल आणि सर्जनच्या मुलाचे काळे गोल त्याला सारखेच. या आंधळेपणावर माझा विश्वास आहे, निदान होता.

२०२४ मध्ये त्यालाही तडा गेला. ५ मेच्या नीटच्या परीक्षेला २३ लाखांहून जास्त मुले बसली, निकालात ६७ जणांना पैकीच्या पैकी गुण, मग पेपरफुटीचा तपास, लातूरपर्यंत पोचलेल्या अटका, सर्वोच्च न्यायालय आणि सुधारित निकालात १७. आमच्या वर्गातल्या मुलांनी अभ्यासाच्या टेबलापुढच्या भिंतीवर ‘६५०’ लिहून ठेवले होते, कारण आधीच्या वर्षांच्या कटऑफवरून तेवढे पुरेत असा हिशेब होता. ज्यांनी तो आकडा गाठला त्यांच्यातल्या काहींना त्या वर्षी तो पुरला नाही. पुढच्या वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिला आलेल्या मुलालाच ६८६ पडले आणि कटऑफ शंभराहून जास्त गुणांनी खाली आले. दोन वर्षे एका आकड्याकडे बघत झोपलेल्या मुलाला हे कसे समजावायचे? मधल्या काळात कॉलेजे मात्र वाढली. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकाच दिवशी राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि हिंगोलीही आले. म्हणजे गुणांचे नियोजन हे बरेचसे वाऱ्यावरचे आहे आणि त्या मानाने सेतू केंद्रातल्या त्या वडिलांचे नियोजन भक्कम जमिनीवर उभे आहे. पेपर सोपा निघो की अवघड, आजोबांचा निर्गम उतारा बदलणार नाही.

यंदा अकरावीच्या पहिल्या पालकसभेत म्हणून मी अभ्यासावर बोललेच नाही. आधी फळ्यावर कागदांची यादी लिहिली, कोणता आत्ता काढायचा आणि कोणता थांबून, तेही लिहिले. पालकांनी भराभर मोबाइलने फोटो काढले. मग मी दुसरी गोष्ट काढली. गावातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या डॉक्टरांशी बोलून, इच्छा असलेल्या मुलांनी शनिवारी सकाळी ओपीडीत केसपेपरच्या खिडकीपाशी थांबावे, अशी व्यवस्था मी केली होती. तिथे लिहिता न येणाऱ्यांचे केसपेपर भरून द्यायचे, म्हाताऱ्यांना ड्रेसिंगच्या खोलीपर्यंत पोचवायचे, बाकी नुसते बघायचे. ते ऐकून एका आईने हात वर केला आणि अगदी मनापासून विचारले, “मॅडम, याला मार्क किती?” सभा हसली. मी ‘शून्य’ असे उत्तर दिले तेव्हा बऱ्याच पालकांनी घड्याळाकडे पाहिले.

मुले थोडीच आली. एक मुलगी अजूनही न चुकता येते. तिथल्या सिस्टर तिला आता नावाने हाक मारतात आणि तिच्या भौतिकशास्त्राच्या टेस्टचे गुण घसरल्याचा ठपका तिच्या घरचे माझ्यावर ठेवतात, तो मी नाकारू शकत नाही. दुसरा एक मुलगा मोजकेच शनिवार आला. विळ्याने कापलेल्या बोटाला टाके घालताना त्याला घेरी आली, पण कारण ते नव्हते, असे त्याने मला नंतर व्हरांड्यात सांगितले. घेरी कुणालाही येते हे त्याला ठाऊक होते. “दिवसभर लोक येऊन आपलं दुखणंच सांगत राहणार, मॅडम. मला ते ऐकायचं नाहीये,” असे तो म्हणाला. मुदत होती तोवर त्याने अर्ज करून जीवशास्त्र सोडले आणि गणित घेतले. त्याची कागदांची फाइल पूर्ण होती, व्हॅलिडिटीचा अर्जही गेलेला होता, आणि तो इंजिनिअरिंगलाही चालतो, हे मी त्याच्या वडिलांना सांगून पाहिले. ते बाजारात समोर आले की अजून दुसरीकडे बघतात.